त्या टेकडीवरून मी हाक मारलीच नव्हती

या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. रविवारी सकाळी चहा पिताना वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रत्येक गोष्टीत पाणी कुठे मुरतंय तेही सांगायचो. हा माणूस दमला होता, त्या बाईला ताप होता, तिसऱ्याने बहुतेक घेतलेली होती... मी सॉफ्टवेअरमधला. पंचवीस वर्षं प्रोग्राममधले बग, म्हणजे चुका, शोधतोय. कारण सापडलं नाही म्हणजे लॉग, सिस्टीमने ठेवलेली नोंद, नीट वाचला नाही, एवढाच माझा धर्म.

आणि आता मीच लिहायला बसलोय! हसा, हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा. कारण यातली अर्धी गोष्ट आमच्या घरातून अनेकांना सांगून झालीय, पण खरी गोष्ट सांगायला मला वर्ष लागलं.

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. मी मूळचा अकोल्याचा, वैशाली पुण्याची, आणि रेवा, आमची मुलगी, इथलीच. तेव्हा ती दहा वर्षांची होती. मागच्या वर्षी लेबर डेच्या लाँग वीकेंडला आम्ही तिघं नेब्रास्कात कॅम्पिंगला गेलो. सगळ्यांनी वेड्यात काढलं. इथल्या मराठी मंडळातले देशपांडे काका म्हणाले, "अरे, त्या राज्यातून लोक झोपा काढत जातात. तू मुद्दाम झोपायला चाललास?"

काकांनी ते बघितलेलं नाही. सँडहिल्स म्हणतात त्या भागाला. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर गवत, टेकडीमागे टेकडी आणि तिच्यामागे पुन्हा तशीच टेकडी, आणि मधेच पाइनचं जंगल. शंभरेक वर्षांपूर्वी माणसांनी एकेक रोप हाताने लावून ते उभं केलंय. नकाशावर नॅशनल फॉरेस्ट लिहिलंय, पण शेवटच्या झाडाला हात लावून पुढे पाऊल टाकलं की संपलं – पुढे फक्त कमरेएवढं गवत आणि आभाळ. साडेअकरा तास ड्राइव्ह करून मी गाडीतून उतरलो आणि चक्क ओरडलो, "आईशप्पथ!" रेवा म्हणाली, "बाबा, पीपल आर लुकिंग." लोक म्हणजे एकच होता, डेल. पंचाहत्तरीचा, निवृत्त रँचवाला. आयुष्यभर गुरं सांभाळलेला माणूस, शेजारच्या जागेवर ट्रेलर लावून एकटाच राहिला होता. त्याने आम्हाला लाकडं दिली. वैशालीने त्याला थालीपीठ आणि ठेचा दिला. त्याचे कान लालबुंद झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने ठेचा परत मागून घेतला!

सगळं इतकं छान चाललं होतं. आणि माझ्या स्लीपिंग बॅगच्या गुंडाळीत लॅपटॉप होता.

त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. म्हणजे कंपनीचं काहीही बंद पडलं की पहिला फोन मला. नियमाने पंधरा मिनिटांत हजर व्हायचं. कुणाशी तरी अदलाबदल करता आली असती, पण उन्हाळ्यात आमच्या टीममधली चार माणसं कमी झाली होती आणि ग्रीन कार्ड अजून लोंबकळत होतं. नोकरी गेली तर दोन महिन्यांत चंबूगबाळं उचलायचं. अशा वेळी 'मला जमणार नाही' असं मेलमध्ये लिहायला माझा हात धजला नाही.

वैशालीला हे सांगितलं असतं तर तिने समजून घेतलं असतं. कदाचित ट्रिप पुढे ढकलली असती. पण त्याआधी नायगऱ्याला, रेवाच्या वाढदिवसाला, तिच्या शाळेच्या नाटकाला, सगळीकडे मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेला. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात उभं केलं.

"लॅपटॉप नाही न्यायचा."

"नाही नेत."

"असं नाही. रेवाच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

"वैशाली, काय पुणेरी बायकांसारखं..."

"मी पुणेरीच आहे. ठेव हात."

रेवा ब्रेकफास्ट खात होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नेत नाही." लॅपटॉप तेव्हा बॅगेत जाऊन बसलेला होता. माझा अशा शपथांवर विश्वास नाही ना! डोक्यावर हात ठेवल्याने काय होतंय? केसांना तेल आहे की नाही तेवढं कळतं.

रविवारी दुपारी तीनच्या पुढे मी रेवाला घेऊन निघालो. वैशालीला म्हणालो, पवनचक्की दाखवून आणतो. कॅम्पवर रेंज अजिबात नव्हती. पण अर्ध्या-पाऊण मैलावर एक टेकडी होती, तिच्या माथ्यावर दोन दांड्या येतात हे मी शनिवारीच बघून ठेवलं होतं. टेकडीच्या पलीकडच्या बाजूला, खाली, गुरांसाठी पाणी खेचणारी जुनी पवनचक्की आणि पत्र्याची गोल टाकी.

माथ्यावर पोहोचलो आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. अकरा मेसेज. आमची मुख्य सिस्टीम पडली होती. मी पाठीवरच्या सॅकमधून लॅपटॉप काढला.

"बाबा... रियली?" रेवा म्हणाली.

"पाच मिनिटं. टाकीत कासवं आहेत म्हणाला ना डेल? बघ जा. मला दिसशील तिथेच राहा."

हेडफोन लावले. कॉलवर आठ जण होते. पाच मिनिटांची पंधरा झाली, मग तीस. मधे एकदा खालून तिची हाक आली – "बाबा!" मी मान वर न करता हाताने 'थांब' अशी खूण केली. पुन्हा हाक आली – "बाबाऽ!" मी कॉल म्यूट केला. का? तिला उत्तर द्यायला? नाही. तिचा आवाज कॉलवर जाऊ नये म्हणून. उत्तर मी दिलंच नाही.

कॉल संपला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. आम्ही प्रॉब्लेम सोडवला होता, सगळे एकमेकांना शाबासकी देत होते, मी खुशीत उभा राहिलो आणि खाली बघितलं.

पवनचक्की फिरत होती. टाकीपाशी कुणी नव्हतं.

मी उतारावरून घसरतच खाली गेलो. आधी टाकीत बघितलं. ते दोन सेकंद शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत असे होते. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. मग वाळूत तिच्या बुटांचे ठसे दिसले, पुढच्या टेकडीपर्यंत. तिथे गवत सुरू झालं आणि ठसे संपले. मी त्या टेकडीवर चढलो. समोर तशीच टेकडी. तिच्यावर चढलो. पुन्हा तशीच. मागे वळून बघितलं तर मी कुठून आलो तेच कळेना! सेहेचाळीस वर्षांचा माणूस, हातात फोन, तरी कळेना. मग दहा वर्षांच्या पोरीला काय कळणार? पश्चिमेला ढग काळे पडत चालले होते. तिच्याजवळ पाणीसुद्धा नव्हतं, बाटली माझ्या सॅकमध्ये.

"रेवा! रेवाऽऽ!" गळ्यात रक्ताची चव येईपर्यंत ओरडलो. वारा दक्षिणेकडून, अगदी तोंडावर, इतका जोरात की माझा आवाज मलाच परत येत होता. आणि डोक्यात एकच गोष्ट – मी हिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललो. विश्वास नाही म्हणणारा मी, गुडघ्यावर बसून त्या गवताला म्हणत होतो, माझं काय करायचं ते करा, तिला सोडा.

पावणेसहाच्या पुढे मी कॅम्पकडे धावत सुटलो. डेलकडे ट्रक होता, त्याला ही सगळी जमीन माहीत होती.

आणि कॅम्पवर रेवा बसलेली होती!

डेलच्या घडीच्या खुर्चीत, पाय बादलीतल्या पाण्यात. वैशाली तिच्या मोज्यांतली कुसळं काढत होती. रेवाच्या हातात चिवड्याची वाटी. मी तिला उचललं, वाटी उलटली, मी रडायला लागलो.

"अरे हो, हो," वैशालीचेही डोळे भरलेले. "ही येऊन अर्धा तास होऊन गेला. तू कुठे राहिलास? आवाज बघ कसा बसलाय. बसेल नाहीतर काय! तासभर हाका मारत होतास."

"मी...?"

"सव्वाचारपासून ऐकतेय. आधी वाटलं तुमचा काही खेळ चाललाय. मग लक्षात आलं, ही हरवलीय. मी निघणारच होते, तेवढ्यात ती समोरून उतारावरून येताना दिसली. ती आली आणि तुझ्या हाका थांबल्या. मला वाटलं, तूही तिला बघितलंस."

मी डेलकडे बघितलं. तो मान डोलावत होता. त्याच्या भाषेत तो म्हणाला त्याचा अर्थ असा – पोरा, माझ्या बापाने जन्मभर गुरांना हाका मारल्या, पण असल्या वाऱ्याविरुद्ध एवढ्या लांब, पार पोरीपर्यंत पोहोचणारा आवाज मी ऐकलेला नाही. शब्द कळले नाहीत, पण तू माणसालाच बोलावत होतास, गुराला नाही, तेवढं कळलं.

"आणि ते काय रे?" वैशाली डोळे पुसत हसली. "आज अगदी अकोला बाहेर पडलं! 'ये वं माय... इकळे ये... भेऊ नोको!' मी चौदा वर्षांत तुझ्या तोंडून असलं ऐकलं नाही."

"ही वॉज टॉकिंग सो फनी," रेवा म्हणाली. "इकळे, इकळे. पण मला कळलं. मी तिकडेच आले."

'इकळे' हा शब्द मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी पुण्याच्या हॉस्टेलमध्ये सोडला. मुलं हसली होती, म्हणून दोन महिन्यांत ठरवून सोडला. तेव्हापासून एकदाही नाही – आईबाबांशीसुद्धा नाही. रेवाने तो कधी ऐकलेलाच नाही. आणि सव्वाचार ते सव्वापाच मी टेकडीवर हेडफोन लावून इंग्रजीत बोलत होतो.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. 'वैशाली, तो मी नव्हतो.' चार शब्द. पण डेल हात पुढे करून "गुड जॉब, डॅड" म्हणाला, वैशालीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं... आणि मी तो हात हातात घेतला.

परत आल्यावर मी माझ्या धर्माप्रमाणे लॉग वाचायला बसलो. तो कॉल रेकॉर्ड झालेला होता. पूर्ण ऐकला, दोनदा. चार ते पाच वीस मी सतत बोलतोय, दर मिनिटा-दोन मिनिटांनी. सुरुवातीला रेवाच्या दोन हाका अगदी स्पष्ट आल्यात. दुसरी अर्ध्यात तुटते, तिथे मी म्यूट दाबलं. ते काढल्यावर कुणीतरी विचारतो, "तुला कोणी बोलावतंय का?" आणि माझा आवाज म्हणतो, "काही नाही, पुढे बोला." त्यानंतर वाऱ्याशिवाय मागे काहीही नाही. 'ये वं माय' नाही. कुणाचीच हाक नाही.

तुमच्या मनात आलंच असेल, वडिलांचा आत्मा वगैरे. माझे वडील ठणठणीत आहेत. मी फोन करून विचारलंसुद्धा, त्या दिवशी काही वाटलं का. ते म्हणाले, "तुमची दुपार म्हणजे आमची रात्र. मी घोरत होतो, तुझ्या आईला विचार." शिवाय त्यांचा आवाज बारीक, चिरका. वैशाली म्हणते तो माझाच होता, शंभर टक्के. एका मित्राला, तो ध्वनीच्याच क्षेत्रात आहे, नावं न घेता विचारलं, आवाज टेकड्यांवर आपटून दुसरीकडून येऊ शकतो का? तो म्हणाला, येईल की. पण आधी कुणीतरी ओरडायला हवं ना!

वर्षभर वैशालीने ही गोष्ट सगळीकडे सांगितली. हळदीकुंकवात, दिवाळीत, रेवाच्या मैत्रिणींच्या आयांना. 'ह्याच्या आवाजाने पोर परत आली.' आणि मी शेजारी बसून मान खाली घालायचो, लोकांना तो विनय वाटायचा. या वर्षी गणपतीत तर कहर झाला. आरती झाल्यावर देशपांडे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "ए, एकदा हाक मारून दाखव रे! कळू दे वऱ्हाडी छाती!" पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी उभा राहिलो, तोंड उघडलं... आणि आवाज फुटेना. शब्द माझेच, लहानपणापासूनचे, पण त्या गोष्टीतले ते मी उच्चारणं म्हणजे चोरी वाटली. 'घसा धरलाय' असं सांगून खाली बसलो.

घरी आल्यावर वैशालीला सगळं सांगितलं. लॅपटॉप, कॉल, म्यूट, रेकॉर्डिंग. ती एवढंच म्हणाली, "तिच्या डोक्यावर हात ठेवला होतास." आणि उठून गेली. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी गाडीत बसता बसता स्वतःहून म्हणाली, "मी भांडणार आहेच, ते सोडणार नाही. पण मग हाका कोण मारत होतं?" मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "रेवाला तू सांग. मी नाही सांगणार."

परवा शनिवारी रेवाला स्विमिंगला सोडायला गेलो होतो. पार्किंगमध्ये गाडी थांबवली आणि सांगितलं. आता ती अकरा वर्षांची आहे. मी सगळं पाठ करून आलो होतो, तरी अडखळलो. "रेवा, त्या दिवशी तू हरवलीस तेव्हा मी तुला शोधत नव्हतो. मला माहीतच नव्हतं. मी कॉलवर होतो."

"आय नो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आय सॉ यू. मी शेवटच्या हिलवर आले ना, तेव्हा तू तिथेच बसला होतास. इथून त्या रेड ट्रकएवढा लांब. हेडफोन्स. तू डेटाबेस, डेटाबेस करत होतास."

"मग तू माझ्याकडे का नाही आलीस, बाळा?"

तिने थोडा विचार केला. चिडून नाही, खरंच आठवत असल्यासारखा.

"कारण तू बोलावत नव्हतास. हाका पुढून येत होत्या. खालून, कॅम्पच्या साइडने. मला दोन्ही ऐकू येत होतं, तुझं इंग्लिश आणि ते. सेम व्हॉइस, बाबा. फक्त ते... नॉट बिझी." तिने बॅग खांद्यावर घेतली. "सो आय वेंट पास्ट यू."

"घाबरली नाहीस?"

"आधी घाबरले होते. ते 'भेऊ नोको' म्हणालं, मग नाही." आणि दार उघडून ती आत पळाली, क्लासला उशीर होत होता.

मी तास-दीड तास त्या पार्किंगमध्ये बसून होतो. त्यानंतर तिला दोनदा विचारलं, तिथे कोणी दिसलं का? ती म्हणते, नाही, फक्त गवत हलत होतं. डेललाही फोन करून झालाय. तो अजून शपथेवर सांगतो की आवाज टेकडी आणि कॅम्पच्या मधल्या उतारावरून येत होता. त्या उतारावर एक झाडसुद्धा नाही. मी सांगू शकेन असं कारण माझ्याकडे नाही, आणि आता ते शोधायची मला लाजही वाटते. कोण होतं, माझी टाकून दिलेली बोली त्याला कुठून ठाऊक, वाऱ्याविरुद्ध ती कशी पोहोचली, आणि त्याच वाऱ्यात माझ्या खऱ्या हाका कुणालाच का ऐकू गेल्या नाहीत – तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

मला एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी माझ्या मुलीला दोन बाबा ऐकू येत होते. ती एकाला मागे टाकून चालत गेली, दुसऱ्याच्या दिशेने, आणि सुखरूप पोहोचली.